समासातील नोंद : परदेशी पाठवायच्या दोन फायलींचे टिपण

१० जून २०२४, सातारा

आजपासून या वहीत दोन फायलींच्या नोंदी ठेवणार आहे. पहिली फाईल सूनबाईची आणि नातवाची. मुलगा गेल्या वर्षापासून नेदरलँड्समधील आइंडहोवन येथे नोकरीला आहे आणि आता कुटुंबाला तिकडे नेण्यासाठी त्याला अर्ज करायचा आहे. त्यासाठी विवाह प्रमाणपत्र, नातवाचा जन्मदाखला आणि तेथील नगरपालिकेत नाव नोंदवताना दाखवण्यासाठी सूनबाईचा स्वतःचा जन्मदाखला, असे तीन कागद लागणार आहेत. दुसरी फाईल पुतण्याची. तो स्थापत्य अभियंता असून दुबईतील एका बांधकाम कंपनीने त्याला बोलावले आहे. त्याच्या पदवी प्रमाणपत्रावर संयुक्त अरब अमिरातीच्या वाणिज्य दूतावासाची मोहोर असल्याशिवाय त्याचे पुढचे काम सुरू होणार नाही.

मुलाने फोनवर सांगितले, "बाबा, कागद खरे असून भागत नाही, ते खरे आहेत हे तिकडच्या माणसाला ओळखता आले पाहिजे." तहसील कार्यालयात मी तीस वर्षे दाखले तयार करण्याच्या टेबलावर काढली, पण आपल्या तालुक्याबाहेरचा माणूस तो दाखला वाचताना काय पाहील, याचा विचार करण्याची वेळ कधी आली नव्हती. म्हणून हे काम एजंटाकडे सोपवण्याऐवजी शक्य तेवढे स्वतः करायचे आणि प्रत्येक टप्पा लिहून ठेवायचा असे ठरवले आहे.

१२ जून २०२४

दोन दिवस वाचन केले. दोन्ही फायलींचे रस्ते कुठे फुटतात ते आता स्पष्ट झाले आहे.

एका देशाने दिलेला सरकारी कागद दुसऱ्या देशात वापरायचा असेल, तर जुनी पद्धत साखळीची होती आणि अनेक देशांसाठी ती आजही तशीच आहे. मूळ कार्यालयाची सही राज्य शासन प्रमाणित करते, राज्य शासनाची सही आपले परराष्ट्र मंत्रालय प्रमाणित करते, परराष्ट्र मंत्रालयाची सही त्या देशाचा दूतावास प्रमाणित करतो आणि शेवटी त्या देशात पोचल्यावर तेथील परराष्ट्र मंत्रालय त्यांच्या स्वतःच्या दूतावासाची सही प्रमाणित करते. ही साखळी आखूड करण्यासाठी हेग येथे ५ ऑक्टोबर १९६१ रोजी एक करार झाला आणि तो २४ जानेवारी १९६५ पासून अमलात आला. त्या करारातील देशांनी आपसांत दूतावासाचा टप्पा काढून टाकला व त्याऐवजी कागद देणाऱ्या देशाच्या नेमलेल्या अधिकाऱ्याने ठरावीक नमुन्यातील एकच प्रमाणपत्र जोडावे असे ठरवले. त्या प्रमाणपत्राला अपोस्टिल म्हणतात. भारत या करारात २६ ऑक्टोबर २००४ रोजी सामील झाला आणि १४ जुलै २००५ पासून तो आपल्याला लागू झाला.

नेदरलँड्स करारात आहे, संयुक्त अरब अमिराती नाही. त्यामुळे पहिल्या फाईलला अपोस्टिल आणि दुसऱ्या फाईलला पूर्ण साखळी.

करारातील एक वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर उतरवून ठेवले आहे. अपोस्टिल सहीचा खरेपणा, सही करणाऱ्याचा अधिकार आणि शिक्क्याची ओळख एवढेच प्रमाणित करते. कागदात लिहिलेला मजकूर खरा आहे की नाही, याविषयी ते एक अक्षरही बोलत नाही. साखळीतल्या प्रत्येक शिक्क्याचेही असेच आहे. प्रत्येक जण फक्त आपल्या आधीच्या माणसाची सही ओळखतो. म्हणजे मजकूर खरा असण्याची सगळी जबाबदारी पहिल्या कार्यालयावर, पहिल्या नोंदवहीवर येऊन पडते, आणि सूनबाईच्या बाबतीत ती नोंदवही एका लहान गावच्या ग्रामपंचायतीत आहे.

१९ जून २०२४

आज सूनबाईच्या माहेरी गेलो होतो. आमचे व्याही सोबत होते. सूनबाईचा जन्म १९९१ चा. तिच्याकडे शाळा सोडल्याचा दाखला आहे, आधार आहे, पासपोर्ट आहे. पासपोर्टसाठी शाळेचा दाखला चालला होता, म्हणून जन्मदाखल्याची गरज आजवर कधी पडली नाही. पण शाळेच्या दाखल्यात शाळेत सांगितलेली जन्मतारीख असते. जन्म झाला तेव्हा, जिथे झाला तिथे केलेली नोंद ती नव्हे, आणि डच नगरपालिकेला तीच नोंद हवी आहे.

ग्रामसेवकांनी जुन्या वह्यांचे लोखंडी कपाट उघडले. वह्या सालवार बांधून ठेवलेल्या होत्या, कडा कुरतडलेल्या होत्या, पण शाई स्वच्छ होती. १९९१ ची वही सापडली आणि नोंदही सापडली. जन्मतारीख, वडिलांचे नाव, आईचे नाव, लिंग, पत्ता, माहिती देणाऱ्याची सही, सगळे जागेवर होते. फक्त बाळाच्या नावाचा रकाना कोरा होता. व्याह्यांनी लगेच कारण सांगितले: बाळ जन्मल्यावर दोन-तीन दिवसांतच आजोबांनी पंचायतीत जाऊन वर्दी दिली, आणि बारसे तर बाराव्या दिवशी झाले. नाव ठेवण्याआधीच नोंद झाली आणि नाव ठेवल्यानंतर ते कळवायला पुन्हा कोणी गेले नाही. ग्रामसेवकांनी मागची-पुढची पाने उलटून दाखवली तेव्हा त्या सालातल्या किती तरी नोंदींचा तो रकाना तसाच कोरा दिसला. आपल्याकडे बारशाचे महत्त्व एवढे, आणि त्या नावाची सरकारी वहीत वाट पाहणारी जागा मात्र तेहतीस वर्षे रिकामी राहिली, हे पाहून मन हलले.

जन्म व मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ याच्या कलम १४ मध्ये या अडचणीची तरतूद आहे. नावाशिवाय नोंद झाली असेल तर पालकांनी नंतर नाव कळवायचे व निबंधकाने ते नोंदवायचे. नियमांत यासाठी नोंदणीपासून पंधरा वर्षांची मर्यादा आहे. मात्र अशा जुन्या नोंदींची संख्या मोठी असल्यामुळे शासनाने ही मुदत वेळोवेळी वाढवून दिली आहे. ग्रामसेवकांकडे त्याविषयीचे परिपत्रक होते. ते वाचून आम्ही अर्जाचा मसुदा तेथेच केला.

२४ जून २०२४

अर्ज दाखल केला. सोबत शाळा सोडल्याचा दाखला, आधार, पासपोर्टची प्रत आणि व्याही व विहीणबाई यांचे प्रतिज्ञापत्र जोडले. नाव कळवण्याचा अधिकार पालकांचा असल्याने सह्या त्यांच्याच हव्यात, सूनबाईची सही चालत नाही. दोघेही हयात आहेत म्हणून हे सोपे गेले.

नातवाच्या दाखल्याविषयी लिहिण्यासारखे फारसे नाही. त्याचा जन्म पुण्यातला, दाखला महानगरपालिकेचा, मराठी व इंग्रजी दोन्ही भाषांत, आणि नाव पहिल्याच दिवशी विचारपूर्वक घातलेले.

९ जुलै २०२४

ज्ञानेश्वर महाराजांची पालखी जिल्ह्यात आहे. ग्रामसेवक वारीच्या पाणीपुरवठ्याच्या व स्वच्छतेच्या कामावर आहेत, त्यामुळे दाखला पुढच्या आठवड्यात मिळेल. यात तक्रार करण्यासारखे काही नाही.

१६ जुलै २०२४

जन्मदाखला हाती आला. नमुना ५, कलम १२ व १७ अन्वये दिलेला, मराठी व इंग्रजी. ज्या पानावरून तो दिला ते पानही ग्रामसेवकांनी दाखवले. नावाच्या रकान्यात आता नाव आहे, आणि ते कोणत्या अर्जावरून, कोणत्या दिनांकाला लिहिले याची नोंद पानाच्या समासात त्यांच्या सहीसह आहे.

छपाईआधी इंग्रजी मजकूर मी त्यांच्या शेजारी बसून वाचला. जुन्या वहीत सगळे मराठीत आहे. इंग्रजी आजच टाईप होणार होते, म्हणजे चूक होण्याची जागाही तीच आणि दुरुस्त करण्याची सोपी वेळही तीच. माहेरच्या आडनावातील 'व' साठी सूनबाईच्या शाळेच्या कागदांत डब्ल्यू आहे आणि ग्रामसेवकांनी सवयीने व्ही टाईप केला होता. मराठी वाचणाऱ्याला या दोन अक्षरांत काहीच फरक दिसत नाही, पण ज्याला मराठी येत नाही त्याच्यासमोर ही दोन वेगळी आडनावे ठरतात. बाराखडीला इंग्रजीत ठरलेले एकच रूप नाही. दीर्घ ई कोणी आय लिहितो, कोणी दोन ई, आणि शेवटच्या आकारासाठी कोणी एक ए, कोणी दोन. म्हणून ज्यांना कुणाला असा दाखला काढायचा असेल त्यांनी जुने इंग्रजी कागद सोबत नेऊन छपाईपूर्वीच अक्षर अन् अक्षर ताडून घ्यावे, असे मी आवर्जून सांगेन. सही-शिक्का झाल्यावर तीच दुरुस्ती करायला महिना जातो.

एक गोष्ट मी मुद्दाम तशीच ठेवली. विहीणबाईंच्या नावापुढे जुन्या वहीत 'बाई' लावलेले आहे आणि त्यांच्या आधारवर ते नाही. कलम १५ अन्वये लेखनातील चूक दुरुस्त करता येते. पण ही चूक नव्हे. त्या काळी मोठ्या बायकांची नावे तशीच लिहीत, आणि डच कार्यालयासमोर विहीणबाईंचा दुसरा कोणताही कागद जाणारच नाही. जिथे तफावत दिसणारच नाही तिथे ती दुरुस्त करण्यासाठी जुन्या नोंदीला हात लावू नये, असे माझे मत झाले.

कलम १५ वाचताना मात्र त्यातले शब्द फार आवडले. चूक दुरुस्त करायची ती मूळ नोंदीत कोणताही फेरफार न करता, समासात योग्य ती नोंद करून, आणि त्या समासातील नोंदीवर सही करून दिनांक घालून. खाडाखोड नाही, पांढरी शाई नाही, जुने पान फाडून नवे लावणे नाही. आधी काय होते, नंतर काय झाले आणि ते कोणी केले, हे तिन्ही एकाच पानावर शेजारी शेजारी राहते.

१८ जुलै २०२४

विवाह प्रमाणपत्राची अडचण वेगळीच निघाली. लग्नानंतर मुलाने ते हौसेने लॅमिनेट करून घेतले होते. प्रमाणीकरणाचे शिक्के व चिकटपट्टी कागदाच्या मागच्या बाजूवर येतात, त्यामुळे प्लास्टिकमध्ये बंद केलेला कागद कोणी स्वीकारत नाही, आणि प्लास्टिक सोडवू गेले तर शाई त्याच्याबरोबर निघून येते. नगरपालिकेच्या विवाह निबंधकांकडे दुसऱ्या प्रतीसाठी अर्ज केला. घरातील बाकीच्या कागदांचीही तपासणी केली. माझ्या स्वतःच्या मॅट्रिकच्या प्रमाणपत्रापासून किती तरी कागद आम्ही प्रेमाने असे बंद करून ठेवलेले आहेत.

हे प्रमाणपत्र या फाईलमध्ये सर्वांत महत्त्वाचे आहे, असे मला वाटते. जन्मदाखल्यावर सूनबाईच्या नावापुढे वडिलांचे नाव आणि माहेरचे आडनाव आहे, पासपोर्टवर पतीचे नाव आणि आमचे आडनाव आहे. आपल्याकडे मधले नाव लग्नानंतर बदलते हे सांगावे लागत नाही. तिकडे मधले नाव ही कल्पनाच अशी नाही, आणि हे दोन्ही शब्द बदललेले पाहिले तर या दोन वेगळ्या स्त्रिया आहेत असे कुणालाही वाटेल. विवाह प्रमाणपत्रात विवाहापूर्वीचे पूर्ण नाव व पतीचे पूर्ण नाव एकत्र येते, म्हणून दोन्ही कागद एकमेकांना जोडले जातात. दुसऱ्या प्रतीवर विवाहापूर्वीचे नाव जन्मदाखल्याप्रमाणेच यावे, डब्ल्यूसह, यासाठी दाखल्याची प्रत अर्जाला जोडली आहे.

२३ जुलै २०२४

पुतण्याची फाईल. त्याच्याकडे तात्पुरते पदवी प्रमाणपत्र होते. पदवीप्रदान समारंभाला तो गेला नव्हता आणि नंतर मूळ पदवी आणायचे राहून गेले. नोकरी देणाऱ्या कंपनीने मूळ पदवीच मागितली आहे. अर्ज करून ती आता आली आहे आणि विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडून पडताळणीही झाली. शैक्षणिक कागदांचा राज्य पातळीवरील रस्ता वैयक्तिक कागदांपेक्षा निराळा आहे. ते राज्याच्या उच्च व तंत्रशिक्षण विभागाकडून प्रमाणित व्हावे लागतात आणि त्यानंतरच परराष्ट्र मंत्रालयाकडे जातात. व्यापारी कागद असते तर चेंबर ऑफ कॉमर्सकडून सुरुवात झाली असती.

३० जुलै २०२४, मुंबई

काल रात्री महालक्ष्मी एक्सप्रेसने निघून सकाळी मुंबईत पोचलो. तिन्ही कागद राज्य शासनाच्या प्रमाणीकरणासाठी दाखल केले. नातवाचा दाखला व विवाह प्रमाणपत्र लगेच स्वीकारले गेले. सूनबाईचा जन्मदाखला परत आला.

कारण असे: राज्याचे कार्यालय कागदावरील सही प्रमाणित करते ती त्यांच्याकडे ठेवलेल्या नमुना सहीशी ताडून. मोठ्या शहरांच्या निबंधकांच्या नमुना सह्या तेथे असतात. ज्या ग्रामसेवकांनी दाखला दिला त्यांच्याकडे त्या गावचा प्रभारी कार्यभार आहे, आणि त्यांची नमुना सही पोचलेली नव्हती. टेबलावरील बाईंनी अतिशय सौजन्याने समजावून सांगितले की दाखल्यात काहीही चुकीचे नाही, परंतु जी सही त्या ओळखत नाहीत ती खरी आहे असे त्या लिहून देऊ शकत नाहीत. जिल्हा परिषदेतील वरिष्ठ अधिकाऱ्याची प्रतिस्वाक्षरी आणावी, त्यांची सही येथे नोंदलेली आहे, असा मार्गही त्यांनी सांगितला.

त्या क्षणी वाईट वाटले, कारण पावसातला प्रवास फुकट गेला. पण परतीच्या वाटेवर विचार केला तेव्हा त्यांचे म्हणणे पूर्णपणे पटले. आपण काय ओळखतो आणि काय ओळखत नाही, याविषयी एवढा काटेकोरपणा असेल तरच आइंडहोवनच्या कारकुनाने त्या शिक्क्यावर विश्वास ठेवावा. माझ्या नोकरीच्या काळात दाखल्याखालची सही तहसीलदारांची असे, पण मजकूर मी लिहिलेला असे. समोरचा माणूस ओळखीचा आहे, शेजारच्या गावचा आहे, एवढ्यावर मी काही वेळा मूळ नोंद न उघडता दाखला पुढे सरकवला आहे. ते दाखले चुकीचे होते असे नाही. पण मी तेव्हा जे केले ते पडताळणी नव्हती, हे आज मान्य केले पाहिजे.

६ ऑगस्ट २०२४

जिल्हा परिषदेत प्रतिस्वाक्षरी मिळाली. त्यांनी ग्रामपंचायतीकडून नोंदवहीच्या पानाची प्रत मागवून घेतली, समासातील नोंद वाचली, आणि मगच सही केली. दोन दिवस लागले. ते लागायलाच हवे होते.

१३ ऑगस्ट २०२४

तिन्ही कागदांवर राज्याचे प्रमाणीकरण पूर्ण झाले. आज ते परराष्ट्र मंत्रालयाच्या अपोस्टिलसाठी दिले. २०१२ पासून मंत्रालय हे कागद नागरिकांकडून खिडकीवर थेट घेत नाही. नेमलेल्या संस्थांमार्फत ते द्यावे लागतात. पूर्वी सगळे काम दिल्लीच्या पतियाळा हाऊसमध्ये होत असे, २०१९ पासून मुंबईसह इतर काही शहरांतही ते होऊ लागले आहे, त्यामुळे महाराष्ट्रातल्या माणसाचा दिल्लीचा फेरा वाचला. अपोस्टिलचे शासकीय शुल्क प्रत्येक कागदाला ५० रुपये आहे. संस्थेचे सेवाशुल्क त्याहून वेगळे, त्याची पावती मागून घ्यावी.

शासकीय शुल्क एवढे लहान असताना बाहेर एका कागदासाठी हजारो रुपये सांगितले जातात. माहिती नसलेल्या माणसाकडून ते घेतलेही जातात. परदेशी निघालेल्या घरात आधीच कर्ज झालेले असते, आणि त्या घरातला माणूस पैसे कशाचे हे विचारायलाही बिचकतो.

२१ ऑगस्ट २०२४

अपोस्टिल झाले. तिन्ही कागदांच्या मागे चौकोनी चिकटपट्टी लावली आहे. करारानुसार या चौकोनाची बाजू किमान नऊ सेंटिमीटर असावी लागते आणि बाकीचा मजकूर कोणत्याही भाषेत असला तरी शीर्षक मात्र फ्रेंचमध्येच द्यावे लागते. आत दहा क्रमांकित ओळी: देश, कागदावर सही कोणाची, ती कोणत्या अधिकाराने केलेली, शिक्का कोणाचा, प्रमाणित कोठे केले, केव्हा, कोणी, क्रमांक, शिक्का आणि सही. जगातील ज्या ज्या देशाने हा करार मानला आहे तेथील चौकोनात याच दहा गोष्टी याच क्रमाने असतात. म्हणून ज्या कारकुनाला मराठीचे एक अक्षर येत नाही त्यालाही तिसऱ्या ओळीत काय शोधायचे हे ठाऊक असते. आठव्या ओळीतील क्रमांक मंत्रालयाच्या संकेतस्थळावर घालून मी स्वतः पडताळून पाहिला. प्रत्येक अपोस्टिलची नोंद देणाऱ्या कार्यालयाने एका नोंदवहीत ठेवलीच पाहिजे, अशी अट करारातच आहे.

अपोस्टिल या फ्रेंच शब्दाचा मूळ अर्थ समासातील टीप असा आहे, हे कळल्यावर मला ग्रामपंचायतीतले ते पान आठवले. आपल्या कचेऱ्यांमधला 'शेरा' हाच. जुन्या मराठी पत्रव्यवहारात पत्राच्या शेवटी 'मोर्तब सुद' लिहून शिक्का उठवत, आणि शिवाजी महाराजांच्या पत्राच्या शेवटी उठवायच्या मुद्रेवर 'मर्यादेयं विराजते' ही अक्षरे आहेत. लेखनाची सीमा इथे संपली, याखाली आता कोणी काही वाढवू नये, असा त्याचा अर्थ. शिक्कामोर्तब हा शब्द आपण रोज वापरतो, पण मजकूर कोणाचा आणि कोठपर्यंतचा हे परक्याला कळावे म्हणून केलेली ती किती विचारपूर्वक व्यवस्था होती, ते या चौकोनाकडे पाहताना जाणवले.

सूनबाईने दाखला उलटसुलट करून पाहिला आणि आधी समोरच्या बाजूवरचे आपले नाव वाचले.

२८ ऑगस्ट २०२४

पुतण्याची पदवी उच्च व तंत्रशिक्षण विभाग आणि परराष्ट्र मंत्रालय असे दोन टप्पे ओलांडून आज मुंबईतील अमिरातीच्या वाणिज्य दूतावासाकडे गेली. येथे परराष्ट्र मंत्रालयाने अपोस्टिल न देता साधे प्रमाणीकरण केले आहे. दुबईत पोचल्यावर तेथील परराष्ट्र मंत्रालयाची मोहोर हा शेवटचा टप्पा राहील.

आमच्याकडे 'आखात' म्हटले की सगळ्यांना एकच रस्ता, अशी समजूत आहे. ती चुकीची आहे व महाग पडते. ओमान आणि बहरीन हेगच्या करारात कित्येक वर्षांपासून आहेत. सौदी अरेबियात तो ७ डिसेंबर २०२२ पासून लागू झाला. अमिराती, कुवेत व कतार मात्र त्याबाहेर आहेत. पुतण्याच्याच ओळखीच्या एका मुलाकडून ओमानच्या कागदांसाठी दूतावासाच्या मोहोरेचे पैसे मागितले गेले होते. त्याला करारातील देशांची यादी दाखवली तेव्हा मागणारा गप्प झाला. यादी बदलतही असते. कॅनडासाठी पूर्वी दूतावासाचा टप्पा होता. ११ जानेवारी २०२४ पासून तोही करारात आला आहे. दोन वर्षांपूर्वी शेजाऱ्याने काय केले यावर विसंबून चालत नाही, फाईल सुरू करण्याच्या दिवशी यादी पाहावी लागते.

आणि यादीत नाव असले तरी तेवढ्याने भागत नाही. समोरच्या गल्लीतली एक मुलगी परिचारिका असून तिला जर्मनीला जायचे आहे. यंदा महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केल्यापासून अशा चौकशा वाढल्या आहेत. जर्मनी आणि भारत दोघेही हेगच्या करारात आहेत. परंतु नव्याने येणाऱ्या देशाविषयी हरकत घेण्याची मुभा करारात आहे आणि जर्मनीने भारताविषयी ती घेतली आहे. त्यामुळे भारताचे अपोस्टिल तेथे लागू होत नाही. तेथील कार्यालयाला जन्माची किंवा विवाहाची नोंद तपासायची असेल तर जर्मन दूतावासामार्फत नेमलेला माणूस प्रत्यक्ष आपल्या नोंदणी कार्यालयात जाऊन चौकशी करतो. मी तिच्या वडिलांना एवढेच सांगितले की अपोस्टिलवर पैसे घालण्याआधी मागणाऱ्या कार्यालयाकडून त्यांना नेमके काय हवे ते लेखी घ्या, आणि तोवर गावच्या वहीतील तिची नोंद उघडून नावाचा रकाना पाहून या.

१२ सप्टेंबर २०२४

पदवीवर दूतावासाची मोहोर झाली. पदवीची मागची बाजू आता शिक्क्यांनी भरली आहे. पुतण्याला वाईट वाटत होते, की एवढा सुंदर कागद असा झाला. मी त्याला प्रत्येक शिक्का कोणाचा आणि तो कोणाची सही ओळखतो ते क्रमाने वाचून दाखवले. नंतर दोन्ही बाजूंच्या रंगीत प्रती काढून एक संच घरी व एक त्याच्या सामानात ठेवला.

नेदरलँड्सच्या स्थलांतर विभागाकडे मुलाने अर्ज दाखल केला आहे. दाखले मराठी-इंग्रजी असल्यामुळे भाषांतराची गरज पडली नाही. तेथे डच, इंग्रजी, फ्रेंच किंवा जर्मन यांपैकी कोणतीही भाषा चालते. केवळ मराठीत असलेला जुना दाखला असता तर भाषांतर आणि त्या भाषांतराचे प्रमाणीकरण अशी आणखी एक फाईल उघडावी लागली असती.

२३ ऑक्टोबर २०२४

दसऱ्यानंतर दोन दिवसांनी सूनबाई आणि नातू निघाले. आज त्यांची आइंडहोवनच्या नगरपालिकेत वेळ होती. रात्री फोन आला.

तेथील अधिकाऱ्याने पासपोर्ट पाहिला, मग विवाह प्रमाणपत्र, मग जन्मदाखला. अपोस्टिल असलेले तिन्ही कागद उलटे करून त्यांचे क्रमांक संगणकात तपासले. त्यानंतर जन्मदाखल्याची पुढची बाजू समोर ठेवून तो एकेक रकाना भरत गेला. माहेरचे आडनाव त्याने अक्षरे मोठ्याने उच्चारून टाईप केले, डब्ल्यू धरून. जन्मस्थळाच्या जागी त्याला गावाचे नाव उच्चारता येईना, तेव्हा सूनबाईने ते सावकाश सांगितले, आणि दाखल्यावर जसे आहे तसेच त्याने तेथे लिहिले.

उद्या ग्रामसेवकांना फोन करून हे कळवायचे आहे. त्यांची नमुना सही आता मुंबईला पोचली आहे का, तेही विचारायचे आहे.